पुरातलं बरं

भाद्रपदातली सकाळ सोनकोवळी होऊन उगवली. आठवडाभर कोसळून आभाळ रितं झालं होतं, निळं झालं होतं, निर्लज्जासारखं लख्ख हसत होतं. खाली कृष्णा मात्र अजून भरलेलीच होती. गढूळ, तांबूस, रुंदच रुंद. उन्मळलेले वृक्ष उराशी धरून, फेसाच्या माळा गळ्यात घालून, घुमत, घोंघावत, वळणावळणाने फुगत ती चालली होती. घाटाच्या साऱ्या पायऱ्या तिने गिळल्या होत्या.

नदीच्या अलीकडे हरणवडी, पलीकडे शेरेवळण. दोन्ही गावांची माती एक, जत्रा एक. इकडच्या लेकी तिकडे नांदायला, तिकडच्या लेकी इकडे. हळद नावेतून जायची, बाळंतविडा नावेतून यायचा, पोस्टाचा कागदसुद्धा नावेत बसूनच गावात शिरायचा. उन्हाळ्यात नदी इतकी गरीब, की शेळ्या नुसते पाय भिजवत पल्याड चरायला जात. मग पूर यायचा, नाव झाडाला बांधली जायची, आणि हाकेच्या अंतरावरचं माहेर परमुलूख होऊन बसायचं.

गोजरा परसात उभी होती. पल्याडच्या उंच दरडीवर, बोरीच्या आड, तिच्या आईचं घर. रोज सकाळी त्या कौलांतून धूर निघायचा. निळसर, नाजूक, आधी सरळ आणि मग वाऱ्याला लवलेला. तो दिसला की गोजराच्या जिवाला स्वस्थता यायची. पूर चढला तेव्हा आई तापाने अंथरुणाला खिळलेली होती. तरी रोज धूर दिसत होता, भावजय चूल पेटवत होती. आज धूर नव्हता.

घरात मरण झालं की चूल पेटत नाही. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती आत आली, बाहेर गेली. घागर भरली, भरलेली घागर झाडाला ओतली, पुन्हा भरली. पाट्यावरची मिरची अर्धी वाटून तशीच टाकली. ऊन अंगणभर पसरलं, कर्दळीच्या पानापानावर चमकलं, आणि ते चमकणंही तिला सोसेना. किती सुंदर सकाळ, आणि किती वैरीण!

“सरपण भिजलं असंल, बाई,” सासू म्हणाली. “आपलं न्हाई का परवा भिजलं?”

“व्हय,” गोजरा म्हणाली, आणि पुन्हा परसात गेली. मन चिंती ते वैरी न चिंती, असं स्वतःला बजावत राहिली. धूर नव्हताच. मग मात्र तिने हात पुसले आणि वाट धरली.

कुंभारआळीत भिजकी मडकी उन्हाला मांडली होती. देवळाच्या ओट्यावर पूर बघायला म्हातारे जमले होते. कुणी काही विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही. नदी जिथे दोन खडकांत आवळून निघते, तिथे सिद्धाप्पा आंबी बसला होता. एरवी तो नाव चालवायचा. पुरात नाव बंद पडली की इथल्या खडकावरून हाका घालून इकडचा निरोप तिकडे पोचवायचा.

“तात्या, ज्योतीरामला हाक घाला. आईचं इचारायचं हाय.”

“नगं इचारू, पोरी. उत्तर एकच येतंय. ठावं हाय न्हवं तुला?”

ठावं होतं. फार मागे एका भरल्या पुरात कुणीतरी नवऱ्याच्या मरणाची खबर ओरडून पल्याड पोचवली, आणि ऐकणारी पोर तशीच पाण्यात चालत गेली. तेव्हापासून दोन्ही काठांनी नेम केला: पाण्यावरून वाईट सांगायचं नाही. मरण असो, जळीत असो, हाकेला उत्तर एकच, ‘बरं हाय’. खरं काय ते पूर ओसरल्यावर, जवळ बसून, पाठीवर हात ठेवून सांगायचं. म्हणून पोकळ दिलाशाला हरणवडीत ‘पुरातलं बरं’ म्हणतात.

“तरी घाला,” ती म्हणाली. “मला नुसता त्याचा आवाज ऐकू द्या.”

सिद्धाप्पा उठला. तोंडाभोवती तळवे धरून त्याने हाक घातली. “ज्योतीराऽऽम! ओ ज्योतीराऽऽम!” हाक पाण्यावरून पल्याड गेली, तिथल्या माणसांनी ती पुढे वरच्या आळीला दिली. बऱ्याच वेळाने दरड उतरून गोजराचा भाऊ काठाशी आला. आकृती दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

“गोजरा इचारतीयाऽऽ! आई कशी हायऽऽ?”

पाणी घोंघावत राहिलं. मग उत्तर आलं.

“बरी हायऽऽ!”

नेमाचं उत्तर, नेमाच्या सुरात. सिद्धाप्पाने मान खाली घातली. पण पल्याडचा आवाज थांबला नव्हता.

“आक्काऽऽ! उन्हात हुबी राहू नगंसऽऽ! घरला जा, जेव जा, आक्काऽऽ!”

आक्का! ज्योतीराम तिच्या पाठचा. जन्मात त्याने तिला आक्का म्हटलं नव्हतं. ‘ए गोजरे’, नाहीतर ‘ए भवाने’. तिच्या लग्नात, भरल्या मांडवात, ‘गोजरे, रडून नाक लाल झालं बघ’ म्हणून ओरडला होता. आई त्याच्या मागे लाटणं घेऊन धावायची, थोरली हाय ती, आक्का म्हण! तो वाकुल्या दाखवत पळायचा. आज त्याने आईचं ऐकलं होतं.

गोजराला कळलं. डोळ्यांपुढे ऊन काळं झालं. खडकाच्या खाली पाणी वळसे घेत होतं, तिला बोलावत होतं. सिद्धाप्पा तिच्या आणि पाण्याच्या मधे येऊन उभा राहिला.

पल्याड भाऊ हलत नव्हता. आईला अंगणात ठेवून, खांदेकऱ्यांना ताटकळत ठेवून तो काठावर आला होता. आणि बहीण काठावर आहे तोवर तो माघारी फिरणार नव्हता. त्याला पाण्याचं भय होतं. तिच्यासाठी.

तिने पदराचा बोळा मुठीत आवळला. छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला.

“बरं हाय रंऽऽ!” ती ओरडली. “मी जेवतेऽऽ! तू जा आता, तू जाऽऽ!”

आणि ती वळली. नदीकडे पाठ, माहेराकडे पाठ. डोळे वाहत होते, पण ते पल्याडून दिसणार नव्हते. दिसणार होती फक्त पाठ, म्हणून तिने पाठ ताठ ठेवली. ओल्या वाटेवरून, कोवळ्या उन्हातून, ती सावकाश, त्याला दिसेल अशी चालत राहिली. पल्याड आईला निघायचं होतं.