गौराबाई हॉटेलात उतरली

गौराबाईने पायऱ्यांखाली वहाणा काढल्या, क्षणभर थांबून पुन्हा पायात घातल्या आणि ती पुढच्या व्हरांड्यात चढली. टेबलामागे मॅनेजर टपाल फोडत बसला होता. त्याने तिच्याकडे ओझरतं पाहून म्हटलं,

"मावशी, दूध मागे. धोंडी आहे स्वयंपाकघरात."

"दूध नाय आनलं आज. राहायला आलेय."

तिने पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. हॉटेलनेच पाठवलेलं पत्र होतं ते. मे महिन्यातले दोन दिवस, एक माणूस, दरीकडची खोली. मॅनेजरने ते दोनदा वाचलं.

"हे तर खोपोलीच्या कारखान्यातल्या साहेबांनी..."

"सायेब कसला? माझा लेक तो. हिरामण."

मॅनेजरने आवाज खाली आणला. "मावशी, सीझन आहे. सगळे पाहुणे मुंबईचे. तुम्ही असं करा, मागे धोंडीच्या शेजारची खोली रिकामी आहे. तिथे तुम्हाला मोकळं वाटेल."

"पत्रात कोनती लिवलीय?"

"दरीकडची."

"मग ती दाखवा."

आणि ती टेबलासमोर उभी राहिली. आतून येणारे दोन पाहुणे तिला वळसा घालून गेले, तरी हलली नाही. शेवटी मॅनेजरने भिंतीवरची किल्ली काढली.

माथेरानच्या बाजारात त्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नसे. घोडी, हातरिक्षा, चिक्कीच्या दुकानांपुढची झुंबड. पण रामबागच्या अंगाला झाडीत लपलेलं हे आठ खोल्यांचं हॉटेल अगदी गप्प असे. रेडिओसुद्धा नव्हता. पायथ्याच्या गावातून तीस वर्षं गौराबाई इथे दूध घालत होती. पहाटे निघायचं, रामबागच्या वाटेने चढायचं, मागच्या दाराशी किटली रिकामी करायची, धोंडीने दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायचा आणि उतरायचं. स्वयंपाकघराच्या दारातून तिला व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या दिसत. त्यात माणसं बसलेली असत.

"ही मानसं दिवसभर करतात काय रं?" तिने एकदा धोंडीला विचारलं होतं.

"आराम."

"म्हंजे काय करतात?"

धोंडी कशेळ्याचा, वीस वर्षं त्याच हॉटेलात खपलेला. पण त्यालाही ते सांगता आलं नव्हतं.

यंदा होळीनंतर तिचा गुडघा सुजला, ती सूज उतरलीच नाही. हिरामण म्हणाला, गाय विकू, तू खोपोलीला आमच्याकडे चल, तुझी सून सुंदरा बघेल तुझं सगळं. गौराबाई हो म्हणाली. गाय कडावला गेली. फक्त एक गोष्ट तिने मागितली, त्या हॉटेलात दोन दिवस राहायचं, समोरच्या बाजूला. हिरामण हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने पत्र टाकलं, नेरळला मिनी ट्रेनमध्ये स्वतः बसवून दिलं. गाडी हलताना म्हणाला, "सावकाश ये, आये. सोमवारी तेवढं कर्जतला जायचंय. रेशनकार्डावर तुझा अंगठा लागंल."

दुपारी जेवणघरात धोंडी ताट घेऊन आला. वाढताना डाळ ताटाबाहेर सांडली.

"वाढ की रं नीट. मी काय परकी हाय?"

"परकी नाय म्हनूनच हात चालत नाय, मावशी," तो पुटपुटला.

जेवण झाल्यावर तिने खोली झाडली, चादर काढून परत घातली, खिडकीचे गज पुसले. मग करायला काहीच उरलं नाही. ती व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसली. सुरुवातीला टोकावरच टेकली होती. चहा आला तेव्हा सवयीने उठू लागली आणि मग मुद्दाम मागे रेलली. कप हातात घेतला. बसूनच प्यायली. चार वाजता आंब्याच्या झाडावर माकडं आली, पाच वाजता गेली. कुणी तिला हाक मारली नाही. रात्री पडल्या पडल्या झोप लागली आणि जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलेलं होतं. इतक्या उशिरापर्यंत ती बाळंतपणातही झोपली नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून पाहिलं. सूज थोडी ओसरली होती.

व्हरांड्यात शेजारच्या खुर्चीत दादरचे एक निवृत्त पोस्टमास्तर दुर्बीण लावून बसले होते. पक्षी बघायला ते दर उन्हाळ्यात इथे येत.

"तो समोरचा डोंगर कुठला, माहीत आहे का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितला. मग ओढा सांगितला, कडावची बाजू, त्याच्या मागे कशेळं, देवीचं रान, कोणत्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं ते. पोस्टमास्तर दुर्बीण मांडीवर ठेवून ऐकत राहिले.

"अठरा वर्षं येतोय मी. यातलं एक नाव ठाऊक नव्हतं."

"मी तीस वर्सं येतेय," गौराबाई म्हणाली. "पर बगितलं मीबी आजच. डोक्यावर किटली असली की मानूस पायाखालीच बगतो."

ते हसले आणि त्यांनी दुर्बीण तिच्यापुढे केली. काचा कशा फिरवायच्या ते दाखवलं. आधी सगळं धुरकट दिसलं. मग एकदम विहीर समोर आली, इतकी जवळ की तिने हात पुढे केला. विहिरीवरून चिंच, चिंचेवरून तिच्या घराची कौलं. कौलांपलीकडे शेत.

शेतात पांढऱ्या रेघा होत्या.

तिने दुर्बीण खाली घेतली, पदराने डोळे पुसले, परत लावली. तपकिरी, कोरड्या जमिनीवर फक्कीने चौकोन आखले होते. चौकोनांच्या कोपऱ्यांवर खुंट्या. दोन पँटवाली माणसं टेप धरून चालत होती. तिसरा बांधावर उभा होता, एका पायावर भार टाकून, डावा हात कमरेवर. तसा हिरामण चालायला लागल्यापासून उभा राहत होता.

"काय दिसतंय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"आमचं शेत."

"वा! कसं आहे?"

तिने दुर्बीण त्यांच्या हातात नीट परत दिली. मुंबईची माणसं खाली बंगल्यांसाठी जमिनी घेतात हे तिने ऐकलं होतं. सातबारा तिच्या नावावर होता. सोमवारचा अंगठा कशावर लागणार होता ते तिला आता कुणी सांगायला नको होतं.

धोंडी नाश्ता घेऊन आला. तिने पोहे सगळे खाल्ले, चहा संपवला. मग पिशवी भरली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"उद्यापर्यंत आहे तुमचं बुकिंग," मॅनेजर म्हणाला. "काही कमी पडलं का?"

"नाय. झाला आराम."

"गाडीला अजून तीन तास आहेत, मावशी."

"गाडीनं नाय जात."

धोंडी मागून धावत येऊन काठी देऊन गेला. रामबागच्या वाटेवर उताराला ती डोंगराकडे तोंड करून, हात टेकत, लहान मुलं जिन्यावरून उतरतात तशी उतरली. एका ठिकाणी गुडघा वळला तेव्हा दगडावर बसून राहिली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि पुन्हा उठली. अकरा वाजायच्या सुमाराला ती बांधावर पोहोचली. पँटवाली माणसं गेली होती. ती घराकडे वळलीच नाही. पिशवी खाली ठेवून पहिल्या खुंटीपाशी वाकली आणि ती हलवून हलवून उपटून काढली. मग दुसरी.

पाचव्या खुंटीपाशी असताना हिरामण रस्त्याने सायकल हाकत आला. तिला पाहून त्याने ब्रेक लावला.

"आये? तू उद्या येनार होतीस!"

ती खुंटी हलवत राहिली.

"अगं, पायरी चढवत नाय तुला. शेती कोन करनार? मी कारखान्यात. तुझ्यासाठीच केलं ना मी?"

"मग माझ्याम्होरं करायचं."

"तू नाय म्हनाली असतीस."

"व्हय," ती म्हणाली. "नायच म्हनाले असते."

ती एकेक खुंटी उपटून पदरात टाकत, फक्कीच्या रेघा पावलांनी पुसत पुढे सरकत होती. ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटची खुंटी विहिरीच्या अंगाला होती, खोल ठोकलेली. ती दोन्ही हातांनी ओढूनही हलेना. गौराबाईने लेकाकडे पाहिलं नाही, हाकही मारली नाही. ती जमिनीवर बसली, दुखरा पाय लांब केला, चांगल्या पायाची टाच बांधाला रोवली आणि खुंटीला विळखा घातला.

रस्त्यावर हिरामण सायकल धरून उभा होता. मग त्याने सायकल चिंचेला टेकवली आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.