तिसऱ्या खिडकीतला राक्षस

यॉर्कशरमधल्या त्या लहानशा गावातली लायब्ररी बंद करायचं नगरपालिकेनं ठरवलं, तरी तिथल्या ग्रंथपाल विनिफ्रेडबाईंनी मुलांना दर बुधवारी गोष्ट वाचून दाखवणं सोडलं नाही. त्या दिवशी खोल्यांची मापं घ्यायला नगरपालिकेचा नेव्हिल आला आणि चहाचा कप घेऊन मुलांच्या मागेच बसला. बाई वाचत होत्या. आग ओकायचा परवाना मिळावा म्हणून एक म्हातारा ड्रॅगन या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घालतोय, आणि प्रत्येक खिडकीतला राक्षस म्हणतोय, "जेवणाची सुट्टी झाली, उद्या या."

नेव्हिल इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हे तर हुबेहूब आमचं ऑफिस! तो तिसऱ्या खिडकीतला मीच की!"

बाईंना एकदम धीर आला. स्वतःला असा ओळखणारा माणूस आपलं ऐकेल, असं वाटलं त्यांना.

"मग साहेबांना सांगाल ना, लायब्ररी राहू द्या म्हणून?"

"सांगून काय होणार, बाई? सही कधीच झालीय." त्यानं डोळे पुसले आणि टेप बाहेर काढली. "टोक जरा धरता का? एकट्याला जमत नाही."

बाईंनी पुस्तक मिटलं आणि टोक भिंतीला लावून धरलं.