दक्षिण किनाऱ्याबद्दलची सूचना

ठाकूरद्वारला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हितेंद्र पाठारे यांची 'नीलतीर्थ टूर्स' ही कंपनी होती. नम्रता पेडणेकर तिथे चौदा वर्षं कामाला होती. तिकिटांचं काम दुसऱ्यांकडे, व्हिसाचं तिसऱ्यांकडे. नम्रताकडे होतं लिहिणं. निघायच्या आधी प्रवाशाच्या हातात जी छोटी माहितीपुस्तिका द्यायचे, ती तिची.

हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या देशात कंपनी सहा वर्षं सहली नेत होती. ऑफिसात त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे नुसतं 'बेट' म्हणायचे. नम्रता तिथे कधी गेली नव्हती, पण बेटाची पुस्तिका तिने मन लावून लिहिली होती. व्हिसा विमानतळावरच मिळतो, परतीचं तिकीट हाताशी ठेवा. तिथल्या प्लगला तीन चौकोनी पिना लागतात. रविवारी दुकानं बंद. चिवडा, लाडू चालतील. लोणचं आणि फळं काढून घेतील. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या माणसाला काय विचारायची लाज वाटते हे तिला नेमकं कळायचं. विमानातल्या संडासाचं दार कसं उघडतं हेही तिने लिहिलं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिथला गाईड मार्सेल याचा तिला मेसेज आला. दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळाच्या भिंतीला एक मोठी फट आहे. ओहोटी लागली की आतलं सगळं पाणी त्या फटीतून बाहेर धावतं. वरून काही दिसत नाही, पाणी उलट शांतच वाटतं. मागच्या महिन्यात एक पाहुणा ओढला गेला, जवळ होडी होती म्हणून वाचला. तुमच्या पुस्तकात हे घाला, असं त्याने कळवलं होतं.

नम्रताने त्याच दुपारी अकरावी सूचना लिहिली. 'दक्षिण किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये. पाणी गुडघाभर असले तरी ओढ जोराची असते. भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात रोज विचारून घ्याव्यात.'

हितेंद्रसरांनी प्रूफ बघितलं आणि तिला केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय गं? सहल विकतोय आपण, की घाबरवतोय लोकांना?"

"सर, मार्सेलने मुद्दाम कळवलंय."

"मग मार्सेल आहे ना तिथे? तो सांगेल तोंडी. आपले टुरिस्ट बघ तू. सगळे साठीच्या पुढचे. पुस्तिका वाचतात त्यांची मुलं. दुसऱ्या दिवशी फोन, आई-बाबांचं कॅन्सल करा. काढ ते."

नम्रताने फारसा वाद घातला नाही. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तिला दोन दिवस रजा हवी होती. जागेवर येऊन तिने ती सूचना पुसली. मधे रिकामी जागा राहिली, तिथे तिने लिहिलं, 'किनाऱ्यावरील शंख-शिंपले गोळा करून आणू नयेत, दंड होतो.' पुस्तिका छापायला गेली.

एप्रिलच्या शेवटी सव्वीस जणांचा ग्रुप निघाला. त्यात करी रोडचे जगदीश गमरे आणि त्यांची बायको कौसल्या होती. जगदीश महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. ठरलेल्या वेळी रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडायचे, ठरलेल्या वेळी बंद करायचे, असं त्यांनी चौतीस वर्षं केलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने, सम्यकने, ही सहल बुक करून दिली होती. निघण्यापूर्वी जगदीश दोनदा ऑफिसात येऊन गेले. विकत घेतलेला ॲडॉप्टर दाखवायला त्यांनी खिशातून आणला होता. "मॅडम, चौकोनी म्हणजे हाच ना?" नम्रताने हो म्हटलं.

सहलीच्या चौथ्या दिवशी दुपारी मार्सेलचा फोन आला. तो स्वतः त्या दिवशी ग्रुपबरोबर नव्हता. एका प्रवाशाला ताप आला म्हणून त्याला घेऊन दवाखान्यात गेला होता. बदली गाईड नवा होता. दक्षिण किनाऱ्यावर जगदीश गमरे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. लोकांना वाटलं, ते हात हलवून फोटो काढायला सांगतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळ्यांना ते सापडले. त्यांना मुंबईत आणायला नऊ दिवस लागले.

हितेंद्रसरांनी वकिलाकडून एक पत्र तयार करून घेतलं आणि गमरे कुटुंबाला पाठवलं. सहानुभूतीच्या दोन ओळी होत्या, मग लिहिलं होतं की सर्व प्रवाशांना समुद्रस्नानाविषयी योग्य त्या सूचना देण्यात आल्या होत्या आणि सदर प्रवाशाने त्यांकडे दुर्लक्ष केले. पत्र टाईप नम्रतानेच केलं. 'दुर्लक्ष' या शब्दाशी तिची बोटं थांबली, पण तिने तो लिहिला.

जगदीश यांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावर दहा-बारा दिवसांनी कौसल्याबाई ऑफिसात आल्या. एकट्याच होत्या. पांढरी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. हितेंद्रसर बाहेर गेले होते. त्या नम्रताच्या टेबलासमोर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. पान न् पान निळ्या बॉलपेनने अधोरेखित केलेलं होतं. काही ठिकाणी समासात 'झाले' असं लिहून खूण केली होती.

"मॅडम, मी सातवी शिकलेय. वाचता येतं मला. तीनदा वाचलं," त्या म्हणाल्या. "पाण्यात उतरू नका असं कुठं लिहिलंय तेवढं दाखवा."

नम्रताने पुस्तिका हातात घेतली. काय शोधायचं हे तिला ठाऊक होतं, तरी ती पानं उलटत राहिली.

"सम्यक बोलत नाही माझ्याशी. पत्र आल्यापासून. म्हणतो, बाबा असं करणारच नाहीत, तूच काहीतरी बोलली असशील. आणि बोलले होते मी. ते काठावर चपला हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, एवढ्या लांब आलो, उतरा की जरा. असे काय भित्रे." त्यांचा आवाज चढला नाही. "त्यात लिहिलेलं असूनही मी त्यांना आत घातलं का, एवढंच सांगा."

"नाही, काकू. तुमचं काही चुकलं नाही."

"मग कुठंय ते?"

तेवढ्यात जिन्यावर हितेंद्रसरांचा आवाज आला. नम्रताने पुस्तिका मिटून परत दिली. "मी बघून सांगते तुम्हाला," ती म्हणाली. कौसल्याबाईंनी मान हलवली, पाणीही न घेता उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी लालबागला घरी आल्यावर नम्रताने वडिलांना सगळं सांगितलं. शामराव मूळचे वेंगुर्ल्याकडचे, तरुणपणी गिरणीत आले ते मुंबईचेच झाले. पण लहानपणी नम्रता सुट्टीत गावी गेली की खाडीच्या तोंडाशी तिचा दंड धरून ते उभे राहायचे, ओहोटी लागली की तिला पाण्याच्या बाहेर काढायचे. ते सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "ती ओढ काय असता ता तुका म्हायत होता."

"हो, बाबा."

"त्या हितेंद्राक म्हायत नसात. त्येचो काय संबंध दर्याशी? तुका म्हायत होता."

भात पानात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी नम्रता ऑफिसात लवकर गेली. जुनं प्रूफ तिच्या कॉम्प्युटरवर होतं. अकराव्या सूचनेवर हितेंद्रसरांच्या लाल पेनाची फुली असलेला कागदही फाईलला होता. ती कधी काही फेकत नसे. तिने दोन्हींच्या प्रती काढल्या, मार्सेलचा मेसेज छापून घेतला आणि दुपारी करी रोडला गेली.

गमरे यांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. त्यांना अठराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. दार सम्यकने उघडलं. तिशीचा मुलगा, बँकेत होता, दाढी वाढलेली. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली स्टुलावर जगदीश गमरेंचा नवा फोटो. कौसल्याबाई गॅलरीच्या दाराशी बसल्या होत्या.

नम्रताने तिथेच उभं राहून सांगायला सुरुवात केली. बसली असती तर सांगता आलं नसतं. मार्सेलने काय कळवलं, तिने काय लिहिलं, सरांनी काय म्हटलं. "आणि मी ती काढली," ती म्हणाली. "पत्रही मीच टाईप केलं. काका निष्काळजी नव्हते. पुस्तिकेत जे जे लिहिलं होतं ते सगळं त्यांनी पाळलं."

सम्यकने कागद हातातून घेतले. वाचता वाचता तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. "आई," एवढंच तो म्हणाला. गेला महिनाभर त्याने तो शब्द उच्चारला नव्हता.

कौसल्याबाई त्याच्याजवळ गेल्या नाहीत. त्या नम्रताकडे बघत होत्या.

"म्हणजे लिहिलेलं होतं."

"हो."

"तुमच्या हातानं लिहिलेलं होतं. आणि ते दोनदा आले होते तुमच्याकडं. तुमच्या समोर उभे होते ते. तो प्लग दाखवत होते. तेव्हा तोंडानं सांगता आलं नाही तुम्हाला? एक वाक्य?"

नम्रताला तो दिवस आठवत होता. जगदीश काका उभे होते, फोन वाजत होता, आणि त्या काढलेल्या सूचनेचा विचारही तिच्या मनात आला नव्हता. तिने तसंच सांगितलं. "आठवलंच नाही, काकू."

"जा तुम्ही," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर व्हायचं ते झालं. सम्यकने ग्राहक आयोगात तक्रार केली. कागद कुठून बाहेर गेले हे कळायला हितेंद्रसरांना वेळ लागला नाही. ते ओरडले नाहीत. "चौदा वर्षं घरच्यासारखं ठेवलं तुला," एवढंच म्हणून त्यांनी तिला टेबल आवरायला सांगितलं. नम्रताला चार महिने काम मिळालं नाही. शेवटी फणसवाडीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर लावायचं काम मिळालं. कंपनीने बेटाच्या सहली बंद केल्या आणि दुसरीकडच्या सुरू केल्या.

या वर्षी जुलैत नम्रताची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलाने आधी तिला कामावरून काढलेली, राग धरून बसलेली बाई ठरवायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "ही सूचना प्रत्यक्ष कुणी काढली?"

"मी."

"मालकांनी तुमचा हात धरला होता?"

"नाही."

"राजीनामा द्यायची धमकी दिलीत? लेखी विरोध नोंदवलात?"

"नाही."

वकील समाधानाने खाली बसला. पुढची तारीख नोव्हेंबरची पडली.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सम्यक झेरॉक्स काढायला गेला होता. बाकावर कौसल्याबाई बसल्या होत्या. मागच्या वर्षीपासून त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. नम्रता मान खाली घालून पुढे निघाली, तेव्हा त्यांनीच हाक मारली.

"अहो. त्या दिवशी ओहोटी किती वाजता लागली होती? तुम्ही बघितलं असेल."

नम्रताने बघितलं होतं. मे महिन्यातच, इंटरनेटवर त्या बेटाचं भरतीचं कोष्टक काढून. "अकरा वाजून दहा मिनिटांनी," ती म्हणाली.

"ते पाण्यात गेले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते." कौसल्याबाईंनी विचारलं, "आणि नऊला गेले असते तर?"

नम्रताला खोटं बोलावंसं वाटलं. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण समोरच्या बाईला आता खोटं ओळखता येत होतं.

"नऊला पाणी चढत होतं. काही झालं नसतं."

"बस आठलाच निघणार होती," कौसल्याबाई म्हणाल्या. "माझ्यामुळं थांबली. मुलानं नवीन ड्रेस घेऊन दिला होता, पंजाबी. कधी घातला नव्हता मी. घालून खोलीतून बाहेर यायलाच लाज वाटत होती. हे दाराबाहेरून म्हणत होते, अगं चल, छान दिसतोय. मी परत आत गेले, काढला, साडी नेसले. सगळी बस खोळंबली."

"काकू, त्याचा याच्याशी काही..."

"अडीच तास," त्या म्हणाल्या. "आधी बस माझ्यासाठी थांबली, मग वाटेत रस्त्याचं काम निघालं, अडकलो. वेळेवर निघालो असतो तर नऊ-सव्वानवाला पोचलो असतो."

सम्यक झेरॉक्सचे कागद घेऊन परत आला. आईला हात देऊन त्याने उठवलं. कौसल्याबाई त्याच्या आधाराने सावकाश जिना उतरल्या. नम्रता वरच्या पायरीशी उभी होती, तिला त्यांच्या मागे जाता येईना.