काचेची कोर

मी दाभोशाची सकू. जात्यांना टाकी लावते, आणि माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाय. त्या फाटक मास्तराचा मुडदा बशिवला, त्यालाच तेवढं हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा जव्हारला राजाचा अंमल. मास्तर तिथं पोरं शिकवायचा. त्याला चंद्र बघायला दुर्बीण करायची होती. थाळीएवढी, दोन बोटं जाड काच आणलेली, कडेनं वेडीवाकडी. "कड गोल घासून दे, मग तुझ्या नवऱ्याला सोडतो," म्हणाला. माझा पुंजा महिनाभर वेठीला त्याच्या घरी फुकट पाणी वाहत होता, आणि इकडं राबातली भाताची रोपं लावणीवाचून पिवळी पडत चाललेली.

आठ दिवस लोखंडी पट्टी, कुरुंदाची पूड नि पाणी घेऊन घासलं. बोटांची सालटी निघाली. काच गोल झाली. मग जात्याची मारतो तशी काठाची कोर मारायला, म्हणजे धार मोडायला, मी पट्टी तिरपी धरली. कोर धारदार ठेवली तर टवके उडतात, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मास्तरानं माझ्या हातावर रूळ हाणला. "नासवलीस ना! पुस्तकात काठ सरळ दाखवलाय."

"मास्तर, ऐका तर..."

"तोंड बंद! दगड फोडणारी मला शिकवणार?"

अस्सं? मर मग, उंटावरच्या शहाण्या! मी तोंड बंद केलं. काठ धारदार ठेवून काच त्याच्या पुढ्यात ठेवली. तो खूश झाला, त्यानं पुंजाला सोडलं. वाटभर मी एकटीच हसत होते. पुंजानं दोनदा विचारलं, तरी सांगितलं नाय.

चौथ्या दिवशी आम्ही चिखलात वाकून लावणी करत होतो. निम्मं खाचर बाकी होतं. तेवढ्यात शिपाई सांगत आला. मास्तर काचेचं तोंड घासायला बसला, काठाचे टवके उडाले, नि तेच घासले जाऊन काचभर चरे पडले.

"सकूनं काच नासवली म्हणतात. विलायतेहून दुसरी येईस्तोवर पुंजा वेठीला."

मी शिव्यांची लाखोली वाहिली. पुंजानं रोपांची मूठ माझ्या हातात दिली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय. पण त्यानंच मला..."

"मला तरी सांगायचंस. मी पाया पडून सांगितलं असतं त्याला."

तो चिखलाच्या पायांनीच शिपायामागं गेला. उरलेलं खाचर मी एकटीनं लावलं, शिव्या देत. त्यातल्या निम्म्या मलाच होत्या.