मान, पीप आणि दोऱ्याचं रीळ

ऑफिसात त्याला सगळे चालेलराव म्हणत. त्याचं टेबल खिडकीपाशी होतं, ते उचलून जिन्याखाली नेलं, तेव्हा तो म्हणाला, "चालेल." चष्म्याच्या दुकानातून दुसऱ्याच कुणाचा चष्मा हाती आला, तोही त्याने दोन दिवस दारांवर आपटत चालवून घेतला. असा माणूस तिरंदाजीच्या नादी कसा लागला, देव जाणे.

पण लागला खरा. आणि जन्मात पहिल्यांदा त्याला एक गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे क्लबच्या तिघांच्या संघातली तिसरी जागा. निवड उद्या सकाळी होती. संघाचा कप्तान त्याचा सख्खा साडूच. पण साडूने आधीच सांगून ठेवलं होतं, "तू राखीव राहा. पाण्याच्या बाटल्याही तूच बघ." यावर चालेलराव काय म्हणाला, ते वेगळं सांगायला नको. घरी येऊन मात्र तो न जेवता झोपला.

धनुष्यही साडूचंच जुनं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं कंपाउंड. स्वतः नवं घेतलं तेव्हा साडूने हे मोठ्या मनाने याला दिलं आणि बजावलं, "सेटिंगला हात लावू नकोस. एकदम परफेक्ट आहे." परफेक्ट होतंच, पण साडूच्या तोंडाला. साडूचा चेहरा ताटलीसारखा गोल, आणि याचा घोड्याला लाजवेल असा लांबलचक. दोन वर्षं साडूच्या मापाने नेम धरून चालेलरावची मान अशी आखडली होती की, कुणी बाजूने हाक मारली तर तो कपाटासारखा अख्खा वळायचा. शेवटी बायकोनेच त्याला हाताला धरून धनुष्य दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे आणलं.

बाईंचं दुकान म्हणजे एक लांब खोली. अलीकडे कामाचं टेबल आणि धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र, पलीकडच्या भिंतीशी निशाण. बाईंनी दोरीच्या धाग्यांमध्ये अडकवलेली शर्टाच्या बटणाएवढी चकती दाखवली. तिला मधोमध भोक होतं.

"हा पीप. दोरी ओढली की हा डोळ्यासमोर यायला हवा. डोळ्याने याच्याकडे जायचं नाही, कळलं? बाण लावा, निशाणाकडे तोंड करा, डोळे मिटून ओढा. दोरी नाकाला लागली, हात जबड्याखाली टेकला की डोळे उघडा. भोकातून धनुष्यावरची समोरची साइट, म्हणजे नेम धरायचं गोल कडं, दिसतंय का, तेवढं सांगा."

त्याने ओढलं. डोळे उघडले.

"छान दिसतंय," तो म्हणाला.

बाईंना शंका आली. त्यांनी धनुष्य यंत्रात दाबलं, पीप थोडा वर सरकवला आणि पुन्हा ओढायला लावलं.

"हेही छान आहे."

मग त्यांनी मुद्दामच तो पार खाली नेला, इतका की तिथून हनुवटीला दिसलं असतं.

"चालेल," चालेलराव म्हणाला. आवाज जरा दबका होता, कारण हनुवटी छातीला टेकली होती.

बाई खुर्चीत बसल्या. वीस वर्षांत त्यांच्याकडे कटकट करणारी गिऱ्हाइकं खूप आली होती, पण कशालाच नाही न म्हणणाऱ्या या गिऱ्हाइकापुढे त्यांनी हात टेकले.

"अहो, हे घरीही असेच आहेत," बायको म्हणाली. "आमच्या पलंगाचा एक पाय आखूड आहे. हे आठ वर्षं तिरके झोपतात."

बाईंनी टेबलावरचं रीळ उचललं. पीप बांधायच्या जाड दोऱ्याचं ते भरलेलं रीळ होतं. ते त्यांनी सरळ चालेलरावच्या टाळूवर ठेवलं.

"आता ओढा. रीळ पडलं तर मी समजेन, तुम्ही मान खाली घातलीत."

रीळ पडलं. बायकोने उचलून दिलं. पुन्हा पडलं. पाचव्यांदा ते टेबलाखाली घरंगळत गेलं तेव्हा बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की, सहाव्यांदा त्याने श्वाससुद्धा जपून घेतला. दोरी नाकाला लागली. डोळे उघडले. रीळ जागच्या जागी राहिलं.

"काय दिसतंय?"

चालेलरावने डोळे बारीक केले, मग मोठे केले.

"दोरी," तो पुटपुटला. "नुसती दोरी. मला... मला काहीच दिसत नाहीये हो!"

"हां!" बाई टाळी वाजवून उठल्या. "आता झालं काम सुरू!"

पुढचा अर्धा तास तो "वर", "अजून वर", "जास्त झालं" असं म्हणत राहिला, आणि बायको आपलाच नवरा आहे ना, हे अधूनमधून बघून घेत राहिली. पीप साडूच्या जागेपेक्षा चांगला बोटभर वर गेला. बाईंनी तो दोऱ्याने आवळून बांधला. चालेलरावने तीन बाण सोडले. तिन्ही निशाणाच्या मध्यापेक्षा वर, पण एकमेकांना चिकटून बसले.

तेवढ्यात दारातून साडू आत आला. बायकोच्या बहिणीकडून त्याला बातमी लागलीच होती.

"माझ्या सेटिंगला हात लावलास? बघ, सगळे वर गेलेत!"

"वर गेलेत, पण एकत्र गेलेत," बाई म्हणाल्या. "समोरची साइट सरकवली की मधोमध येतील. पाच मिनिटांचं काम आहे."

"काही नको. बाई, होतं तसं करून द्या. त्याला त्याचीच सवय आहे. तसा उद्या तो बाटल्याच बघणार आहे." साडूने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, चालेल ना?"

बायकोने डोळे मिटून घेतले. पुढचा शब्द तिला पाठ होता.

चालेलरावने साडूकडे पाहिलं. त्याची मान सवयीने खाली जाऊ लागली. मग त्याने टेबलावरचं रीळ उचललं, स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवलं आणि ताठ उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे चालणार नाही. पीप इथेच राहील. आणि बाटल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा, साडूभाऊ. उद्या मी निवडीला उतरतोय."

साडूने मान वर करून पाहिलं. डोक्यावरचं रीळ तसूभरही हललं नव्हतं.

बाईंनी साइट सरकवून दिली. चालेलरावने धनुष्य खांद्याला लावलं आणि बायकोबरोबर तो दाराकडे निघाला, अगदी हळूहळू, ताठ मानेने.

"अहो, माझं रीळ तेवढं ठेवून जा!" बाई ओरडल्या.

"आज नाही," तो न वळता म्हणाला. "उद्या निवड झाली की आणून देतो."