वाफ जाईपर्यंत

बाळ खोकत होतं तोवर फूमावशीला धीर होता. मग खोकला थांबला आणि पुढचा श्वास आलाच नाही.

"अहो, आधी इकडे या," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली. ओरडली नाही. जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर पाळणाघरातली बाकीची पोरं दुपारची झोपली होती, आणि एक उठलं की सगळी उठतात हे ती अशा वेळीही विसरली नाही.

बाळाचे ओठ जांभळे पडत चालले होते. तिने त्याला हातावर पालथं घेतलं, पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या. "ये रे राजा, ये, ये," असं ती पुटपुटत राहिली. शेवटी त्या एवढ्याशा पाठीतून एक आचका गेला, तोंडातून दुधाची चिकट तार आली आणि बाळ अगदी बारीक आवाजात कण्हलं. ओठांवर रंग परतला, पण पुरता नाही.

कंडक्टर दारात उभाच होता. नवरा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्याला अजून कंडक्टरच म्हणत, आणि घाईच्या वेळी त्याच्यातला कंडक्टर खरोखर जागा होई.

"गाडी आणतो. तू त्याच्या आईला फोन लाव. पोरांजवळ शेजारीण बसेल."

दवाखान्यात बाळाला काचेपलीकडच्या खोलीत नेलं. बँकेतून धावत आलेली त्याची आई काचेला कपाळ लावून उभी राहिली. तिच्या बोटाला अजून शिक्क्याची शाई होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, डांग्या खोकला दिसतोय. नाकातलं पाणी तपासायला पाठवलंय, पण औषध आत्ताच सुरू करतो. मोठ्या मुलाला या खोकल्याची ढास लागते, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज होतो, उलटी होते. एवढ्या लहानाला खोकायचीसुद्धा ताकद नसते, त्याचा श्वासच अडतो. लसीचा एकच डोस झालाय, तेवढ्याने पुरतं संरक्षण मिळत नाही. आजची रात्र बघू.

"कुठून लागला असेल?" बँकवालीने विचारलं.

"आसपास कुणीतरी खोकत असणार. शिंतोड्यांतून जातो तो, तोंडासमोर तोंड आलं की."

फूमावशीला घशात खवखव जाणवली. तिने ती गिळली.

तिचं पाळणाघर म्हणजे पुढची मोठी खोली, लांबलचक ओटा आणि मागचं छोटं अंगण. त्या घरात स्वच्छतेचा कडेलोट होता असं कंडक्टर म्हणे. बाटल्या उकळलेल्या, लादी दोनदा पुसलेली. प्रत्येक पोराची वाटी वेगळी, चमचा वेगळा, भिंतीवर रंगीत खुंट्यांना अडकवलेले रुमालही वेगळे. पोराला घ्यायच्या आधी ती कोपरापर्यंत हात धुई. फुंकर मात्र सगळ्यांना एकच. भाताच्या प्रत्येक घासावर फू. गुडघा फुटला, फू. डोळ्यांत कण गेला, फू. भांडण झालं तर दोघांच्या डोक्यावर फू, राग उडाला. त्यावरूनच पोरांनी तिचं नाव पाडलं होतं आणि आता त्यांचे आईबापही तेच घेत. ज्या पोरांना तिने फुंकर घालून भरवलं, त्यांतली काही आता स्वतःची पोरं सोडायला येत होती.

आणि ती खोकत होती. थंडीत होतो तसा कोरडा खोकला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. दाढेत लवंग धरायची. उबळ आलीच तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजात खोकून घ्यायची, पोरं दचकायला नकोत म्हणून. बाहेर आली की हात धुवायची आणि पुढचा घास फुंकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप पोरांना घेऊन आले, पण चपला कुणी काढल्या नाहीत. बाळाची रात्र निभावली होती, नळ्या मात्र तशाच होत्या. जुळ्यांची आई वकील होती, म्हणून बोलणं आपोआप तिच्याकडे गेलं.

"मावशी, इथे खोकणारं मूल कोण आहे?"

ते सांगायची गरज पडली नाही. दाराशी चिमणी आईचं बोट धरून उभी होती आणि तेवढ्यात तिला ढास लागली. खोकून खोकून पोर लालबुंद झाली, शेवटी लांबलचक शीळ घालत श्वास आत गेला. जुळ्यांना त्यांच्या आईने मागे ओढलं.

चिमणीची आई समोरच्या नव्या इमारतीच्या रंगकामावर होती. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. तिच्या केसांत, भुवयांत चुन्याचे ठिपके असत.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," वकीलबाई म्हणाल्या. "कुठून कुठून येतात ही माणसं. लस टोचलेली असते की नाही, देव जाणे."

"टोचलीय," रंगकामवाली म्हणाली. "सगळ्या टोचल्यात, कार्ड आहे माझ्याकडे. आणि हिला खोकला इथे यायला लागल्यावर लागला, ताई. आधी नव्हता."

कुणी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं सगळ्यांनी, पण कुणी मनावर घेतलं नाही. फूमावशीने मात्र घेतलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. तिने उघडलं, आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"काही दिवस घरीच ठेव हिला."

"कुठे ठेवू?" रंगकामवालीने विचारलं. "शिडीवर?"

पोरीला कडेवर मारून ती रस्ता ओलांडून गेली. चिमणीने आईच्या खांद्यावरून मागे बघत हात हलवला.

बाकीच्यांनी आणखी थोडं बोलून घेतलं आणि तेही आपापली पोरं घेऊन गेले. आजचा दिवस बघू म्हणाले. घर एवढं शांत झालं की खुंटीवरचा एक रुमाल गळून पडला, तोही ऐकू आला.

कंडक्टर चहाचा कप घेऊन ओट्यावर बसला होता. कपाकडे बघत तो म्हणाला, "विनातिकीट आपण. आणि उतरवलं त्या पोरीला."

"तुम्ही गप्प बसा."

"बसलोच आहे."

"न्हाणीघराच्या दाराला कान लावून असता का?"

"अग, नळ सोडला तरी भिंत तीच ना. ती पोरगी इथे यायच्या आधीपासून ऐकतोय मी. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर लवंग दाखवलीस."

"कळलं ना सगळ्यांना, तर पुन्हा एक मूल इथे यायचं नाही." ती म्हणाली. "मग मी दिवसभर काय करू? तुमची शिट्टी ऐकत बसू?"

कंडक्टरने कप खाली ठेवला. नोकरीतली शिट्टी अजून त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. ती त्याने मुठीत धरली, वाजू नये म्हणून.

दुपारी आरोग्य केंद्रातली सिस्टर आली. मध्यम वयाची, पायांना सूज असलेली बाई. आल्याआल्या खुर्ची मागून घेतली. तोंडावर मास्क होता, एक फूमावशीलाही दिला.

"हे बघा, मी काही चौकशी करायला आलेली नाही," ती म्हणाली. "दोष कुणाचा, ते मला नको. आधी कोण खोकत होतं, एवढंच हवं. त्याच्या जवळ जी जी माणसं आली, त्यांना औषध द्यायचं. लस झालेली असली तरी द्यायचं. पाच दिवस औषध पोटात गेलं की तो माणूस पुढे लावत नाही. बाळाची आई म्हणते, रंगकामवालीची मुलगी. बरोबर?"

"ती खोकते," फूमावशी म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"म्हणजे इथली सगळी मुलं, त्यांच्या घरची माणसं, तुम्ही दोघं. आणखी कुठे गेली होती ती मुलगी?"

"नाही. समोर आणि इथे."

"मग सोपं आहे. मला खरी धास्ती असते तान्ह्या पोरांची. महिन्या-दोन महिन्यांच्या. त्यांना कधीकधी खोकला येतच नाही हो. थोडं नाक गळतं, शिंक येते, आणि एक दिवस पोर गप्प पडून राहतं. आईला वाटतं, बरं झालं, झोपलं."

फूमावशीने हातातला मास्क घाईने तोंडावर चढवला.

मागच्या गल्लीत तिची भाची राहत होती. बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता. पाळणाघर उघडायच्या आधी फूमावशी रोज सकाळी तिथे जाई, बाळाला पायावर घेऊन आंघोळ घाली, पुसून झालं की मानेच्या वळ्यांत ओल राहू नये म्हणून हलकेच फुंकर घाली. आज सकाळीही घातली होती. पहाटे दवाखान्यातून आली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हातांना आणि ओठांना सवय होती. आणि भाची म्हणाली होती, "दोन दिवस नुसता शिंकत होता ग मावशी. आज मात्र फार शहाणा झालाय. हूं नाही की चूं नाही."

चिमणीने ते बाळ कधी पाहिलंही नव्हतं. सिस्टर चिमणीच्याच मागावर गेली असती तर औषध त्या दारापर्यंत पोचलंच नसतं.

"सिस्टर," ती उभी राहत म्हणाली, "आधी मी खोकत होते."

"कधीपासून?"

"हे पडदे धुवायला काढले तेव्हापासून. चिमणी आली तेव्हा ते धुऊन, इस्त्री होऊन परत लागले होते." ती चपला पायांत सरकवू लागली. "मागच्या गल्लीत भाचीचं बाळ आहे. रोज आंघोळ घालते मी. ते आज गप्प आहे. सिस्टर, आधी तिकडे चला. बाकीचं मी चालता चालता सांगते."

सुजल्या पायांची ती बाई तिच्यापुढे धावली. मागच्या गल्लीशी पोचल्यावर फूमावशी जिन्याखालीच थांबली. पाय वर जायला ओढत होते, तिने कठडा धरून ठेवला. वर दार वाजलं. भाचीचा आवाज आला, "आत्ताच झोपलाय, उठवू नका ना." मग काहीच नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली, कुणीतरी बादली रिकामी केली. ती कठड्याच्या लोखंडाचा गंजका वास घेत उभी राहिली आणि कधी नव्हे ते मनाशी म्हणाली, रड रे बाबा. भोकाड पसर. घर डोक्यावर घे.

वरून आधी एक शिंक आली. मग तार सप्तकातला संतापलेला टाहो.

ती जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली, मास्कमध्ये खोकली आणि खोकता खोकता रडली.

सिस्टरने खाली येऊन सांगितलं, नाक चोंदलंय, बाकी छाती ठीक वाटते. तरी आजच दवाखान्यात दाखवायचं, औषध लगेच सुरू करायचं. मग तिच्याशेजारी टेकत म्हणाली, "लहानपणच्या लसीचा जोर ओसरतो मोठेपणी. आपल्याला वाटतं, साधा खोकला. तुम्हालाही कुणीतरी दिलाच असेल."

"पण फुंकर मी घातली," फूमावशी म्हणाली.

संध्याकाळी तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि स्वतः मागच्या भिंतीशी, लांब उभी राहिली. रस्त्यापलीकडून रंगकामवालीलाही बोलावून घेतलं होतं. जे सिस्टरला सांगितलं तेच सांगितलं. वकीलबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"सकाळी आम्ही त्या मुलीला बोल लावत होतो, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

त्यानंतर उलटतपासणी झाली नाही. एकेक जण आत जाऊन खुंटीवरचा आपल्या पोराचा रुमाल घेऊन आला. जुळ्यांपैकी एकाने जाता जाता मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचा दात हलत होता, तो तिला दाखवायचा राहिला होता.

बाळ वाचलं. बऱ्याच दिवसांनी बँकवाली त्याची शाल न्यायला आली. उंबऱ्याबाहेर उभी होती, बाळ खांद्यावर. फूमावशी औषध संपवून केव्हाच बरी झाली होती, सिस्टरने तसं सगळ्यांना सांगितलंही होतं, तरी ती पुढे झाली नाही. शाल घडी करून ओट्यावर ठेवली आणि मागे सरली.

"झोपतो का नीट?"

"झोपतो," बँकवाली म्हणाली. "मीच उठून बघत असते."

तिने शाल उचलली. बाळाचं टोपरं नीट केलं आणि गेली.

भिंतीवर आता एकच रुमाल होता. चिमणीचा खोकला बरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर दारात आली होती. रंगकामवाली काही गोडीने बोलली नव्हती. "मी विसरलेले नाही हां," एवढंच म्हणाली आणि पोरीचं बोट सोडलं.

"एकच प्रवासी," कंडक्टर म्हणाला होता. "पण गाडी सोडावीच लागते."

दुपारी फूमावशीने चिमणीपुढे मऊ भाताची वाटी ठेवली. वाटीतून वाफ निघत होती. चिमणीने सवयीने मान पुढे केली आणि थांबली.

"फू कर ना."

"नाही ग बाई. त्याचं ते निवू दे."

"किती वेळ?"

"थोडाच."

चिमणीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. फूमावशीनेही ठेवले. दोघी समोरासमोर, तोंडं मिटून, वाफ जायची वाट बघत बसल्या.