होरमसजीची सातवी गाडी

सुकन्या आठवडाभर नांदेडच्या तंत्रनिकेतनात मोटारींची इंजिनं शिकवायची आणि रविवारी लोकांचा हिरमोड करायची. हा दुसरा उद्योग बिनपगारी होता. कुणाच्या तरी गोठ्यातून एखादी जुनी गाडी निघे, ती म्हणे अमक्या संस्थानिकाची, तमक्या शर्यतीतली. सुकन्या जायची, गाडीखाली आडवी व्हायची आणि उठून, हात पुसत, तसं काही नाही म्हणून सांगायची. मग यजमान जेवणाचा आग्रह जरा कमी करत. तिला त्याचं काही वाटत नसे. गाडी अस्सल निघाली म्हणून ती कधी हरखली नव्हती आणि नकली निघाली म्हणून कधी हळहळली नव्हती.

तिचा खास विषय म्हणजे होरमसजी मिस्त्री. या गृहस्थाने पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी सिकंदराबादला नऊ गाड्या बनवल्या. सांगाडा साध्या फियाटचा, वर हाताने ठोकलेलं ॲल्युमिनियमचं दोन माणसांपुरतं अंग, आणि इंजिन असं सुधारलेलं की शर्यतीत भल्याभल्यांना घाम फुटावा. नऊपैकी चार गाड्या सुकन्याने उघडून पाहिल्या होत्या. नकला मात्र तिने अकरा पाहिल्या होत्या. त्यामुळे देवणीहून बालाजी नावाच्या माणसाचा फोन आला, की आमच्याकडं होरमसजीची गाडी आहे, पुण्याला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लावायची आहे, खरेपणाचा कागद पाहिजे, तेव्हा तिने मनातल्या मनात बारावी नक्कल मोजली आणि रविवारी पहाटे निघाली.

बालाजी पन्नाशीचा, देवणी जातीची जनावरं सांभाळणारा शेतकरी. गोठ्यात सात-आठ देखणी जनावरं होती आणि शेजारच्या पत्र्याखाली गाडी. बाजूला बाजेवर त्याचे वडील दगडोबा बसले होते, ऐंशी ओलांडलेले. गाडी त्यांनीच आणलेली, सत्त्याहत्तर साली, देवणी बैलांची जोडी देऊन. गाडी देगलूरच्या मुनीर वकिलांची; त्यांना शेतीसाठी बैल हवे होते, यांना गाडीचं वेड लागलं होतं. तेव्हापासून सगळं गाव दगडोबाला हसत आलं होतं. बैल देऊन डबा आणला, असं लोक तोंडावर म्हणत. बालाजीने हे शाळेत असल्यापासून ऐकलं होतं आणि आता त्याला गावाचं तोंड बंद करायचं होतं.

"बगा मॅडम, कशी चमकून राहिली," असं म्हणत त्याने बॉनेट उघडलं.

इंजिन खरंच चमकत होतं. ब्लॉकवर चंदेरी रंग, एक डाग नाही. सुकन्याने बॅटरीचा उजेड टाकला, बोट फिरवलं आणि ती थांबली.

"इथे आकडे ठोकलेले होते. कुठे गेले?"

"उदगीरला नेऊन ग्राइंडर मारून घेतलं जी. लई खडबडीत दिसत व्हतं. तुमी बघायला येणार, मंग तसंच कसं दाखवावं?"

सुकन्याला राग आला. पन्नास वर्षं उन्हापावसाला न हरलेला पुरावा या शहाण्याने पाहुणी येणार म्हणून घासून टाकला होता. पण बालाजीचं तोंड इतकं उतरलं की ती पुढचं गिळून गेली.

"आत होरमसजीच्या खुणेची आणखी एक जागा आहे," ती म्हणाली. "कार्बोरेटर उतरवावे लागतील. धुवायला डिझेल लागेल."

बालाजी कॅन घेऊन मोटारसायकलवर गेला. तो वळणाआड झाल्यावर दगडोबांनी तिला हाताने जवळ बोलावलं.

"बाई, त्यानं गाडीचं जे केलं ना, तेच मी बैलाचं केलतं."

सुकन्या पान्हा हातात धरून उभी राहिली.

"जोडीतला एक बैल अकरा वर्साचा व्हता. म्हातारा. शिंगावरच्या वळ्या मोजल्या की वय कळतंय. मी त्या तासल्या, तेल लावलं, सहाचा म्हणून दिला. शेतकरी असता तर दात बगितले असते. वकीलसाब पडले कागदाचे माणूस. दुसऱ्याच उन्हाळ्यात बैल बसला, उठलाच न्हाई."

"ते काही बोलले नाहीत?"

"निरोप न्हाई, गाऱ्हाणं न्हाई. आता तर माणूसच न्हाई." म्हातारा गाडीकडे बघत होता. "गाव म्हणतंय, दगड्या फसला. मला ते गोड वाटायचं बाई. गाडी खोटी असली म्हंजी त्यानं मला फसिवलं, मी त्याला. फिट्टंफाट. पण खरी असली तर एकटा मीच लबाड. तेवढं सांगा. मला मरायच्या आधी कळू द्या."

आजवर लोकांनी तिच्याकडे गाडी अस्सल निघावी म्हणून डोळे लावले होते. नकली निघावी म्हणून वाट बघणारा हा पहिलाच. आणि नकलांची तिला इतकी सवय होती की, हो बाबा, खोटीच आहे, असं न बघताच सांगून मोकळं व्हावं असं तिला क्षणभर वाटून गेलं.

बालाजी डिझेल घेऊन आला. तिने दोन्ही कार्बोरेटर उतरवले, त्यांच्या मागची नळी सोडवली, काजळी धुतली आणि आत उजेड टाकला. पेट्रोल-हवा आत जायची वाट होरमसजी स्वतः कानशीने रुंद करायचा. तो डावखुरा होता, त्यामुळे त्याच्या कानशीचे ओरखडे उलटे तिरपे पडत. नकला करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. इथे ओरखडे उलटे तिरपे होते. नळी जिथे ब्लॉकला बसते तिथे, आतल्या अंगाला, जिथे कुणाचंही ग्राइंडर पोचणार नाही, बारीक खिळ्याने ठोकलेला सातचा आकडा होता. सातवी गाडी कुठे गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. एरवी ही बातमी तिला आवडली असती.

तिने ती जागा दोनदा पुसली, दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा बघण्यात काही अर्थ नव्हता.

"खरी आहे," ती म्हणाली. ती बालाजीकडे न बघता दगडोबांकडे बघून म्हणाली.

बालाजीने खिशातून फोन काढला आणि कुणाकुणाला लावायला सुरुवात केली. दगडोबांनी मान हलवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सुकन्याला फार वाईट वाटलं. आपण या माणसाचं काहीतरी काढून घेतलं, असं तिला वाटत राहिलं.

चहा झाल्यावर तिने कागद काढला. अंग, सांगाडा, इंजिन, सगळं भरत ती शेवटच्या रकान्यापर्यंत आली: गाडी मालकाकडे कशी आली.

"बैलजोडीच्या बदल्यात, असं लिहा," बालाजी म्हणाला.

"पुढं लिवा," दगडोबा म्हणाले. "त्यातला एक बैल म्हातारा व्हता. शिंगं तासून दिला."

बालाजी वडिलांकडे बघतच राहिला. "आबा, काय बोलून राहिले तुमी? हा कागद पुण्याला चारचौघात लावायचाय."

"म्हणूनच सांगून राहिलो. त्या माणसाची गाडी खरी हाय म्हणून तू सगळ्यांला फोन केलास. मंग माझा माल कसा व्हता ते बी कळू दे लोकांला."

बालाजीने सुकन्याकडे पाहिलं. ती कागदावरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, मी तपासल्याशिवाय काही लिहीत नाही."

"मंग तपासा की. बैल न्हाई ऱ्हायला. मी हाय."

सुकन्याने खुर्ची बाजेजवळ ओढली.

"बैलाचं वय?"

"अकरा."

"सांगितलं किती?"

"सहा."

"शिंगं कुणी तासली?"

"मीच. काचेनं."

"वकीलसाहेबांनी वय विचारलं होतं?"

"इचारलं. मी सांगितलं. त्येनी हात बी लावला न्हाई बैलाला. म्हणले, तुम्ही सांगताय ना, मग झालं."

तिने ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे धरला.